दादरचे चार दाणे

माय, तुझ्या त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या यादीत आणखी एक नाव दोनदा आलंय. पंचेचाळिसावा आणि सत्तेचाळिसावा एकच माणूस. मधे चार वर्षं दुसरा बसला, आणि हा हरलेला पुन्हा उभा राहून निवडून आला. टीव्हीवर त्याचा शपथविधी चालू होता तेव्हा मी गवार मोडत बसले होते. मला पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल तर तुझा आवाज. "छापनारा झोपी गया का वं?" अगदी तस्साच, गमने माखलेलं बोट हवेत धरून. मला हसू आलं आणि लगेच रडू. आतून लेकीने विचारलं, "शुं थयुं मम्मी?" तिला काय सांगणार? तुझी नात घरात गुजराती बोलते, बाहेर हिंदी बोलते, आणि तुझी भाषा फक्त मी चिडले की ऐकते. मी म्हटलं, काही नाही, गवारीचा दोरा घशात अडकला.

तुला आठवतं का गं ते पुस्तक? मी रविवारच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. वरचं कव्हर गेलेलं, मागची पानं कुणीतरी शेंगदाण्याच्या पुड्यांना फाडलेली. सामान्य ज्ञान. मला कारकुनाची परीक्षा द्यायची होती आणि पाठांतराच्या नावाने माझी बोंब. तू साडी गुडघ्यांवर पसरून खडे चिकटवत बसायचीस, समोर वाटीत गम, डबीत खडे, आणि मी भिंतीला टेकून मोठ्याने वाचायचे. बाबा खात्यावर, कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायला गेलेले, गल्लीत सगळीकडे दुपारची खडखड. जगातल्या नद्या, कोणत्या देशाची राजधानी कोणती, आणि मग ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यादी, एक ते बेचाळीस. मी तिसऱ्यांदा वाचत होते तर माझ्याआधी तू पुढचं नाव घेतलंस! सातवी शिकलेली बाई, सुरतेला आल्यापासून गोडादऱ्याच्या बाहेर फारशी न गेलेली. आठवड्याभरात तुझं बेचाळीस पाठ आणि माझं सतरावर घोडं अडलेलं. तुझ्या तोंडात जाऊन ती नावं अशी काही खान्देशी होऊन बाहेर यायची, की त्यांच्या आयांनीसुद्धा ओळखली नसती.

पण तुला नावांशी मतलब नव्हता. तुझा एकच प्रश्न असायचा. "मंग तो नंतर काय करस?" खुर्ची सोडल्यावर काय करतो तो? परीक्षेत असलं कोणी विचारत नाही म्हणून मी खेकसायचे. तरी वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणलंच, तुझ्यासाठी, आणि तुला मात्र सांगितलं की परीक्षेला लागतं. त्यात तुझा पहिलावाला सापडला. सगळे म्हणत होते अजून राहा, तर हा दोनदा राहून उठला आणि आपल्या शेतावर गेला. तिथे त्याची पिठाची चक्कीही होती. हे ऐकल्यावर तुझा हात खड्यावरच थांबला. त्याच संध्याकाळी दळण घेऊन तू मोठ्या गल्लीतल्या चक्कीवाल्या मावशीकडे गेलीस आणि चार बायकांसमोर तिला सांगितलंस, की अमेरिकेचा पहिला राजा तुझ्याच धंद्यातला होता. राजा नव्हता गं, मी शंभरदा सांगितलं. मावशीने पदर खोचून विचारलं, "कांडप बी करे का नुसतं दळन?"

आणि एक होता तो चारदा निवडून आलेला, पांगळ्या पायांचा. त्याच्यावर तू खूश नव्हतीस. बिचारा आजारी माणूस, मोठी लढाई चालू, सगळं खरं, "पन बाकीनास्नी काय करानं?" असं तुझं म्हणणं. त्याच्यानंतर तिथे कायदाच झाला, दोनच वेळा म्हणून, हे वाचलं तेव्हा तू अशी मान हलवलीस की जणू तुला विचारूनच केला.

तुझा लाडका मात्र बावीसवा. तोच चोवीसवा. चूक छापणाऱ्याची नाही हे मी तुला जाड्या पुस्तकातून दाखवलं. एकदा बसला, मग पुन्हा उभा राहिला, लोकांनी त्याला मतं जास्त दिली आणि तरी तो हरला. हे तुझ्या काही केल्या गळी उतरेना. मी समजावलं, तिकडे थेट लोकांची मतं मोजून भागत नाही. प्रत्येक राज्याला ठरलेली मतं असतात, लहान राज्यालाही थोडी जास्तीची, म्हणजे मोठ्यांनी त्यांना गिळू नये. ज्या राज्यात जो पुढे, त्या राज्याची सगळी मतं त्याची. म्हणून कधीकधी जास्त माणसं एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे. तू म्हणालीस, मोठ्यांनी गिळणं हे तर आपल्या मोठ्या गल्लीसारखं झालं. आणि मग मी त्याच्या बायकोची गोष्ट सांगितली. हरून घर सोडताना तिने म्हणे तिथल्या नोकराला बजावलं, सामान नीट जपून ठेव, आम्ही बरोबर चार वर्षांनी परत येतोय. आणि आले की! त्या गोष्टीवर तू इतकी खूश झालीस की मला चहाबरोबर खारी दिलीस. माय, त्या वर्षभरात आपण दोघी जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. मला ती भिंत हवी आहे गं. ती गमच्या वासाची दुपार मला अजून एकदा हवी आहे, बाकी काही नको.

मोठ्या गल्लीसारखं, म्हणालीस ना, तिथेच सगळं बिनसलं. श्रावणात आपल्या सोसायटीची कानबाई, आपली खान्देशी देवी, बसायची. रविवारी स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी देवीचा पाट डोक्यावर घेऊन नाचत तापीवर. पाट कुणी घ्यायचा यावर दरवर्षी भांडण. पाट घेणारी ती त्या वर्षाची मंडळाची प्रमुख. पाच गल्ल्या, त्यातल्या दोन लांबलचक, तीन आखूड. हात वर करून ठरवायचं म्हटलं की लांब गल्ल्यांच्या बायका जास्त, पाट त्यांच्याकडेच. आखूड गल्ल्यांतल्या बायका तोंड फुगवून मागे नाचायच्या. त्यात तूही होतीस. तू तोंड फुगवायची नाहीस, पण मिरवणूक संपेपर्यंत तुझी नजर त्या पाटावरून हलायची नाही हे मी लहानपणापासून बघत आले होते. गावाला तुझ्या आईने घेतला होता पाट, तिच्या आईनेही. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी तुझ्या डोक्यावर कधी आला नाही. तू बोलायची नाहीस. मला मात्र ते बघवायचं नाही.

म्हणून त्या वर्षीच्या बैठकीत मी शहाणी उभी राहिले आणि अमेरिका काढली. प्रत्येक गल्लीला तिच्या घरांप्रमाणे मतं, आणि वर प्रत्येक गल्लीला दोन सारखी. गल्लीत जी पुढे, ती गल्ली पूर्ण तिची. आखूड गल्ल्यांनी टाळ्या पिटल्या. चक्कीवाली मावशी म्हणाली, "पोर शिकेल शे, सांगस ते बराबर व्हई." तिची उमेदवारी मोठ्या गल्लीने आधीच ठरवली होती, आणि आखूड गल्ल्यांनी तुला उभं केलं. लिहिता न येणाऱ्या बायकाही होत्या, म्हणून मत म्हणजे दाणा. तुला ज्वारीचा, मावशीला हरभऱ्याचा. दोन्ही धान्यं मावशीच्याच चक्कीवरची, तिने स्वतः पाटी भरून आणून दिली. पाच गल्ल्यांचे पाच पत्र्याचे डबे, झाकणाला भोक. दुपारपर्यंत बायकांनी दाणे टाकले आणि संध्याकाळी ओट्यावर मोजणी होईपर्यंत डबे ठेवायचे कुठे? आपल्याच घरात! उमेदवाराच्या घरात डबे ठेवलेले तिकडे कोणी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण मावशीच म्हणाली, तिथे पोर आहे, तिथेच ठेवा.

तू नदीच्या पूजेचं सामान आणायला गेली होतीस. मी एकटी. मी झाकणं उघडून बघितली. नुसतं बघायचं म्हणून, माय, शपथ. दोन आखूड गल्ल्या तुझ्या होत्या. दोन लांब गल्ल्यांत हरभराच हरभरा. सगळं येऊन अडलं नाल्याकडच्या तिसऱ्या आखूड गल्लीवर, आणि तिथे तू थोडक्यात मागे होतीस. मी डब्याचं झाकण लावलं. मग पुन्हा काढलं. मावशीची ज्वारीची पाटी चक्कीवर परत गेली होती. आपल्या मोरीशेजारी कोठी होती, गावाहून आलेल्या धान्याची, आणि माझा हात त्या कोठीत गेला. पुढचं मला सांगायला आजही जड जातं. मी नाल्याकडच्या डब्यात दाणे टाकले, झाकण दाबून बसवलं आणि पुस्तक उघडून वाचत बसले. कोणतं पान ते विचारू नकोस.

संध्याकाळी मीच मोजलं. तीन गल्ल्या तुझ्या, दोन मावशीच्या, आणि वरच्या दोन-दोन मतांमुळे पारडं तुझ्याकडे. बायकांनी तुला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मावशीचं तोंड एवढंसं झालं, तरी तिने तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. तुझा चेहरा तसा मी कधीच बघितला नव्हता. लाजलेली, घाबरलेली, हात कुठे ठेवावे ते न कळणारी. तेवढ्यासाठी मी आणखी दहा गल्ल्या फिरवल्या असत्या, खोटं कशाला बोलू.

मग बायका गेल्या आणि तू स्वयंपाकघरात सगळे डबे परातीत उपडे केलेस. धान्य मावशीचं, निवडून परत द्यायचं म्हणून. हरभरा एकीकडे, ज्वारी एकीकडे. हरभऱ्याचा ढीग मोठा दिसत होता, तो तू जरा वेळ बघितलास. नंतर तुझी बोटं ज्वारीत थांबली. तू एक दाणा उचललास, उजेडाकडे धरलास, बाजूला ठेवलास. मग दुसरा. चक्कीची ज्वारी बारीक आणि पांढरीफटक. तू बाजूला ठेवत होतीस ते दाणे टपोरे होते, पिवळसर, चकाकणारे. मी दारात उभी. चार दाणे झाले. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हाई जवारी चक्कीनी नही. हाई दादर शे." बस. सुरतेत कोण दादर खातं? रब्बीची ती ज्वारी सोसायटीत फक्त आपल्याच घरी, मामाच्या शेतातून यायची. एवढी शिकलेली मी, बेचाळीस राष्ट्राध्यक्ष वाचलेली, आणि चोरी करायला घरची दादर वापरली! सगळा जन्म धान्य निवडण्यात गेलेल्या बाईसमोर!

तू ते चार दाणे पदराच्या टोकाला बांधलेस, गाठ मारलीस आणि चप्पल घातलीस. मी तुझ्यामागे चक्कीपर्यंत आले. मला वाटलं आता तू सांगणार आणि उद्या मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तू मावशीला म्हणालीस, "समद्या डबास्ना दाना एकत्र करात. जास्ती बाया तुना बाजूनी शेतस. पाट तूच ले." एवढंच. गाठीला हातसुद्धा लावला नाहीस. मावशी नको नको म्हणत राहिली, नियम झालाय म्हणाली. तू हसलीस. म्हणालीस, "पाट जपीसन ठेव वं. पह्यलावालाना सारखं दोन वरीस तू ऱ्हाय. मंग मी परत येसू." आणि घरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडले. मी! नियम म्हणजे नियम, जिंकलेलं कोणी असं देऊन टाकतं का, तिकडे कमी मतांवर माणसं देश चालवतात. तू नळाकडे हात करून म्हणालीस, "त्यास्ले सकायले नयवर पानी भरनं नही पडस. माले पडस." तेव्हा मी ते बोलले. हातात आलेलं तुला धरताच येत नाही, म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या साड्यांना खडे चिकटवत बसलीस, असं बोलले. पकडली गेले होते ना, म्हणून जीभ एवढी चालली. तू साडी ओढलीस, गमची वाटी पुढे घेतलीस. मी त्या रात्री जेवले नाही आणि तू मला उठवायला आली नाहीस, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलंस, बोललीस, सगळं जागच्या जागी. फक्त पुस्तक मागितलं नाहीस. मी आपणहून वाचायला लागले तर ऐकायचीस, पण "मंग तो नंतर काय करस" बंद झालं. मी परीक्षा पास झाले, नोकरी लागली, तू पेढे वाटलेस. दोन श्रावण मावशीने पाट घेतला, तू तिच्या मागे नाचलीस. तिसऱ्या वर्षी तुझी पाळी होती. सोसायटीत कोणाचं दुमत नव्हतं, डबे नकोत, दाणे नकोत. तू हिरवं लुगडं काढून ठेवलं होतंस. आषाढात तुला ताप आला आणि पाचव्या दिवशी तू गेलीस. मी तुझी माफी मागितली नव्हती. मागेन, श्रावणात मागेन, पाट डोक्यावर असताना पाया पडेन आणि तेव्हा मागेन, असं मनाशी घोकत होते. काय ही मुहूर्त बघण्याची हौस! नंतर तुझ्या खड्यांच्या डबीत, लाल खड्यांच्या खाली, मला चार दाणे सापडले. फेकलेही नव्हतेस आणि कुणाला दाखवलेही नव्हतेस.

तू गेल्यावर लवकरच तिकडे पुन्हा तसंच झालं, मतं एकाला जास्त आणि खुर्ची दुसऱ्याला. कितीतरी दिवस ते लोक एका राज्यातल्या मतपत्रिकांवरची भोकं उजेडाकडे धरून तपासत होते. पेपरात फोटो आला होता, डोळे बारीक करून कागद बघणाऱ्या माणसाचा. मी कचेरीत तो फोटो बघितला आणि मला परात दिसली. सोळा वर्षांनी आणखी एकदा झालं. नवा कोणी आला की मी त्या फाटक्या पुस्तकात तुझ्या यादीखाली पेन्सिलीने पुढचं नाव लिहीत आले. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. कोणासाठी लिहिते म्हणशील, तर तुझ्यासाठीच.

मंडळाने मला कितीदा तरी पाट घे म्हटलं. मी दरवेळी काहीतरी काढलं, कंबर दुखते, रजा नाही, लेकीची परीक्षा. परवा मावशीने निरोप धाडला. ऐंशीच्या पुढे गेलीय आता, चक्की नातवाने बंद करून मोबाईलचं दुकान टाकलंय, आणि ही त्याच दुकानात मागे खुर्चीत बसते. जुना पाट तिने जुनेरात गुंडाळून ठेवला होता. दोन वर्षांनंतर मंडळाने नवा केला, पण हा तिने कुणाला दिला नाही. म्हणाली, "तुनी माय सांगी गयी व्हती, जपीसन ठेव, मी परत येसू. आते मना हात थरथरतस. कितला दिन जपू? ती नही उनी तं तू ये." मी तिच्यासमोर बसून रडले, माय, गिऱ्हाइकं बघत होती तरी. आणि तिला सगळं सांगितलं, कोठी, डबा, दादर, सगळं. तिने पाट माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, रविवारी अंघोळ करून लवकर ये.

तर उद्या कानबाईचा रविवार. तुझं हिरवं लुगडं बाहेर काढलंय, मला नेसता येत नाही, लेक फोनवर बघून नेसवणार आहे म्हणे. तुझ्या जागी मी जातेय, आणि मला राहून राहून वाटतं की सोमवारी तापीवर जाताना मागे वळून बघितलं तर नाचणाऱ्या बायकांत तू दिसशील. दिसणार नाहीस, कळतं मला. हा कागद दादरच्या डब्यात ठेवते, अजून मामेभाऊ वर्षाला एक गोणी धाडतो. पण परातीसमोर राहून गेलेलं एक आज सांगून टाकते. मावशीलाही हे सांगितलेलं नाही. तुला चार दाणे सापडले. नाल्याकडच्या गल्लीत तू चारांनीच मागे होतीस, माय, चारांनी नुसती बरोबरी झाली असती. मी पाच टाकले होते. पाचवा परातीच्या कडेला माझ्या बाजूला होता. तू पदराला गाठ मारत होतीस तेव्हा मी दारातून पुढे झाले, तो उचलला आणि तोंडात टाकला.